आधी स्वतःला टोचून घेतलं!

आज लेखाची सुरुवात माझ्या एका चुकीच्या कबुलीनं करते.

गोष्ट २०२२ सालची. जळगावच्या एमआयडीसीमागे पत्र्याच्या खोल्यांची एक नवी वस्ती उभी राहिली होती. कुणी डाळ मिलमध्ये, कुणी चटईच्या कारखान्यात, कुणी बांधकामावर. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंच्या मदतीला आमच्या महिला मंडळाच्या आम्ही दोघी तिथे जायचो. एका खोलीत विशी-बाविशीची एक पोरगी, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. गोवराचं इंजेक्शन राहिलेलं. कार्ड विचारलं तर मान खाली. चल म्हटलं तर पाऊल पुढे टाकेना. मग माझा तोल गेला. आजूबाजूच्या चार बायांसमोर मी तिला चांगलीच सुनावली. आई म्हणवून घेतेस आणि बाळाची एवढी काळजी नाही, असं बरंच काही बोलून गेले. ती एक शब्द बोलली नाही. पुढच्या महिन्यात गेलो तर खोलीला कुलूप.

त्याच हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, भिवंडीला आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराची साथ आली. लहान मुलं दगावल्याच्या बातम्या रोज पेपरात. एक दिवस ओळखीच्या बाईला भेटायला दवाखान्यात गेले, तर तिथे ती पोरगी दिसली. बाळाला गोवर होऊन छातीत कफ झाला होता. बाळ वाचलं, पण बारा-पंधरा दिवस तिनं काय काढले असतील ते तिचं तिलाच माहीत.

त्या दिवशी मी गप्प बसले आणि ती बोलली. तिचं माहेर सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशात. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. पहिली इंजेक्शनं तिथेच घेतली. कार्ड तिथेच राहिलं. जळगावला आल्यावर एका केंद्रावर गेली, तर कार्ड नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी इंजेक्शन मिळालं, पण रात्री बाळ तापानं फणफणलं. असा ताप येतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस कामावर जाता आलं नाही, दोघांची मजुरी बुडाली, घरात भांडण झालं. त्यानंतर तिनं सुईचं नाव काढलं नाही. तिला बाळाची काळजी नव्हती असं मी चार बायांत म्हणाले होते!

घरी आले पण मन लागेना. पोलिओ रविवारी बूथवर बसायचो तेव्हा लशीच्या खोक्यावर वाचलेलं एक नाव उगाच आठवलं. हाफकिन. मला इतकी वर्षं ते कंपनीचं नाव वाटायचं. आपल्यापैकी बऱ्याच जणींना मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे एवढं माहीत असतं. पण हाफकिन नावाचा एक हाडामासाचा माणूस होता, आणि सुईला घाबरणाऱ्या, दार लावून घेणाऱ्या, आज इथे तर उद्या तिथे राहणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, हे मला वाचल्यावर कळलं. म्हणून आज त्याची गोष्ट.

घर नसलेला मुलगा

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओडेसा, काळ्या समुद्राकाठचं बंदर. तेव्हा ते रशियाच्या साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू धर्माचं. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर जमाव चालून जायचे, घरं लुटायचे. कॉलेजात शिकणाऱ्या हाफकिननं आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांच्या टोळीत भाग घेतला, मार खाल्ला, तुरुंगही पाहिला. त्याचे गुरू मेचनिकोव्ह हे मोठे शास्त्रज्ञ, पुढे त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी शब्द टाकला म्हणून तो सुटला.

शिक्षण प्राणिशास्त्राचं. हुशारीला तोड नव्हती, पण विद्यापीठात नोकरी हवी असेल तर धर्म बदलावा लागणार होता. त्यानं नकार दिला. १८८८ साली देश सोडला, आधी जिनिव्हा आणि मग पॅरिस. तिथे लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच सुरू झाली होती. संशोधकाची जागा रिकामी नव्हती. मिळाली ती ग्रंथालयातल्या मदतनिसाची. तीही त्यानं घेतली. काम आटोपलं की प्रयोगशाळेत जायचं. विरंगुळा म्हणजे व्हायोलिन.

त्या काळात कॉलरा, म्हणजे आपल्या आज्या जिला पटकी किंवा महामारी म्हणायच्या, ती युरोपातही माणसं मारत होती. हाफकिननं तिच्यावर लस तयार केली. प्राण्यांवर जमली, पण माणसावर? १८ जुलै १८९२ ला त्यानं ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, गेला. काय काय होतं ते नीट लिहून ठेवलं. मग मित्रांनी टोचून घेतली.

तरीही मोठमोठ्या शास्त्रज्ञांना विश्वास बसेना. जिथे कॉलरा सतत असतो अशा ठिकाणी लस वापरून दाखवायची तर हिंदुस्थानात जा, असं पॅरिसमधले इंग्रज राजदूत लॉर्ड डफरिन यांनी सुचवलं. ते पूर्वी आपल्याकडे व्हाइसरॉय होते. अशा रीतीनं १८९३ च्या मार्चमध्ये, तेहेतीस वर्षांचा हा माणूस कलकत्त्यात उतरला. ओळख ना पाळख, भाषा येत नाही. त्यात डॉक्टरकीची पदवी नाही, त्यामुळे गोरे डॉक्टरही नाक मुरडायचे.

कलकत्त्याची वस्ती

कलकत्त्यात तेव्हा बस्ती नावाच्या झोपड्यांच्या वसाहती होत्या. मध्ये एक तळं, तेच प्यायला, तेच धुण्याला. कामासाठी खेड्यापाड्यांतून आलेली माणसं दाटीवाटीनं राहायची. आजच्या आपल्या शहरांच्या कडेला असतात तशाच म्हणा ना.

१८९४ च्या मार्चमध्ये काट्टल बागान नावाच्या वस्तीत कॉलरा शिरला, तेव्हा हाफकिन भारतीय डॉक्टरांना बरोबर घेऊन तिथे गेला. सुरुवातीच्या दिवसांत लोक चिडायचे, दगड मारायचे. असं सांगतात की एकदा दगडांनी काचेची सामग्री फुटली, तेव्हा त्यानं सदरा वर केला आणि सगळ्यांदेखत बरोबरच्या डॉक्टरकडून स्वतःला टोचून घेतलं. मग एकेक जण पुढे आला. त्या वस्तीतल्या सुमारे २०० माणसांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे जे आजारी पडले ते लस न घेतलेल्यांतलेच निघाले. एकाच तळ्याचं पाणी पिणारी, एकाच छपराखालची माणसं! यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. ही लस दोन वेळा टोचायची होती, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवून. म्हणजे पहिल्यांदा गाठलेल्या माणसाला पुन्हा शोधायचं, पुन्हा पटवायचं. ज्या आशाताई आज तिसरा डोस राहिलेल्या बाळाला शोधत दुपारच्या उन्हात फिरतात, त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. पहिल्या डोसला गर्दी आणि शेवटच्याला शुकशुकाट, हे सव्वाशे वर्षांचं जुनं कोडं आहे.

पुढे आसामच्या चहाच्या मळ्यांतले मजूर, उत्तरेकडची गावं असं करत अडीच वर्षांत त्यानं चाळीस हजारांवर माणसांना लस दिली. मलेरियानं स्वतः आजारी पडला, विलायतेला गेला, बरा झाला आणि परत आला.

प्लेगची मुंबई

१८९६ चा सप्टेंबर. मुंबईत मांडवी भागात वेगळाच ताप येऊन, जांघेत आणि काखेत गाठी होऊन माणसं मरायला लागली. हा प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी.

ती मुंबई कशी होती? १८९१ च्या शिरगणतीत तिची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. गिरण्यांचे भोंगे वाजत होते. कोकणातून, घाटावरून माणूस पोटासाठी येत होता. चाळीच्या एकेका खोलीत पाहुणे, भाडेकरू, गाववाले. गटारं नाहीत, उजेड नाही. शहर झपाट्यानं वाढलं, पण शहरात आलेल्या माणसाची नोंद ठेवणारं, त्याची विचारपूस करणारं कुणी नव्हतं. रोगाला आणखी काय हवं!

सरकारनं हाफकिनला मुंबईला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन-चार शिपाई. तीन महिने रात्रंदिवस काम चाललं. एका मदतनिसाची मनःस्थिती बिघडली, दोघांनी काम सोडलं. हा मात्र हटला नाही.

आता ही लस कशी केली ते ऐका, आपल्या स्वयंपाकघरातलीच गोष्ट आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागायचा. युरोपात तो गाईचा असे. पण गाईचं चालणार नाही, डुकराचंही चालणार नाही, हे ओळखून त्यानं बोकडाच्या मांसाचा रस्सा वापरला. त्यावर साजूक तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली दोऱ्यासारखे लोंबत वाढायचे. मग तापवून ते मारायचे आणि त्याची लस. परक्या मुलखातून आलेल्या माणसानं इथल्या लोकांच्या चालीरीतींचा विचार लस बनवतानाच केला होता, लोक नाही म्हणाल्यावर नाही!

१० जानेवारी १८९७. लस तयार झाली. हाफकिननं ती पुन्हा आधी स्वतःलाच टोचून घेतली. डोस १० सीसीचा, म्हणजे पुढे लोकांना दिला त्याहून बराच मोठा. ताप चढला, टोचलेली जागा ठणकत राहिली. त्यानंतर महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली. तिथे स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि न घेतलेल्यांच्या मानानं त्यांच्यात आजार व मृत्यू कमी झाले. लस शंभर टक्के हमी देणारी नव्हती, आणि हाफकिननंही तसं कधी भासवलं नाही. पण जीव वाचत होते.

लोक का घाबरले?

मग लोकांनी रांगा लावल्या का? नाही. आणि का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

त्या वर्षी १८९७ चा साथरोग कायदा आला. पुण्यात रँडसाहेबाच्या हुकुमानं सोजीर घरात शिरू लागले. देवघर पाहिलं नाही, चूल पाहिली नाही, बायाबापड्यांची अब्रू पाहिली नाही. आजारी माणसाला ओढून न्यायचं, घरच्यांना छावणीत टाकायचं. त्या संतापातून २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मुंबईतही आदल्या ऑक्टोबरात हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते. दवाखान्यात नेतात ते परत येत नाही, ही भीती घराघरांत होती. अशा वेळी सरकारी माणूस सुई घेऊन आला तर तो वाचवायला आलाय की मारायला, हे साध्या माणसानं कसं ओळखायचं?

याच साथीत पुण्यात आपल्या सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रुग्णांना आणत होत्या. ज्यांना कुणी हात लावत नव्हतं त्यांना त्यांनी हात लावला. सोजिराचा हात आणि सावित्रीबाईंचा हात, यातला फरक लोकांना बरोबर कळत होता.

घाबरून मुंबईतले लाखो लोक गावाकडे पळाले. मुंबईहून निघालेली रेल्वे जळगाव-भुसावळवरूनच पुढे जाते. माणसांबरोबर प्लेगही देशभर गेला. पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्यानं नेली. खान्देशालाही त्यानं सोडलं नाही. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंच्या ओंकारला कायमचं अपंगत्व आलं ते प्लेगमुळेच. जिचं नाव आपण अभिमानानं घेतो त्या माउलीनंही हे दुःख पदरात बांधून शेती केली, संसार केला.

मग लस लोकांपर्यंत पोहोचली कशी? जिथे लोकांचा आपला माणूस पुढे झाला तिथे. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. त्यांनी सगळ्यांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आपल्या समाजाला घ्यायला सांगितलं आणि हाफकिनला कामासाठी स्वतःची वास्तूही दिली. हजारो खोजांनी लस घेतली. सोजिराच्या बंदुकीनं जे झालं नाही ते आपल्या माणसाच्या एका उदाहरणानं झालं.

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. तिथून लाखो डोस देशात आणि देशाबाहेर जाऊ लागले.

एक बाटली, एकोणीस मृत्यू

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. तिथे १०७ जणांना लस दिली. त्यातल्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचलं त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले.

एकोणीस घरं. त्यांचं दुःख कुठल्याही आकड्यानं भरून येणारं नाही. चौकशी बसली. बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असणार असा ठपका आला. हाफकिनला कामावरून दूर केलं आणि १९०४ मध्ये त्यानं हिंदुस्थान सोडला. पण गावातल्या एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानंच बाटलीचं बूच काढलं होतं, ही गोष्ट पुढे आली. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे आपल्याला आज माहीत आहे. मलेरियाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे डाग पुसला गेला.

तो परत आला, पण परळची जागा त्याला मिळाली नाही. कलकत्त्याला एका कोपऱ्यात काम करून १९१४ च्या सुमाराला निवृत्त झाला आणि युरोपात परतला. लग्न केलं नाही. शेवटच्या वर्षांत साठवलेली पुंजी आपल्या धर्माच्या शाळांसाठी देऊन टाकली. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी तो गेला. त्याआधी, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव देण्यात आलं होतं. १९६४ साली भारत सरकारनं त्याच्या नावाचं टपाल तिकीटही काढलं.

त्याच नावाच्या सरकारी कारखान्यातून पुढे पोलिओच्या थेंबांचे कोट्यवधी डोस देशाला मिळाले. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आपण रविवारी बूथवर बसायचो, त्यात आपलाही खारीचा वाटा आहे हो!

आता आपल्या गल्लीत

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. आता लशी फुकट आहेत, केंद्रं आहेत, आशाताई आहेत. खरं आहे. पण जळगाव बघा. १९९१ साली वस्ती २ लाख ४२ हजार होती, २०११ ला ४ लाख ६० हजार झाली. वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट. धुळ्याची वस्ती २०११ ला पावणेचार लाखांवर गेली. दोन्ही ठिकाणी २००३ साली महापालिका आल्या. नवे प्लॉट, नव्या कॉलन्या, त्यांच्या कडेला नव्या वस्त्या. कॉलनीला नाव मिळतं, वस्तीला मिळायला वर्षं लागतात. आणि ज्या वस्तीला नाव नाही, ती लसीकरणाच्या यादीत तरी कशी येणार?

पूर्वी आपण समजायचो की शहरात सोयी, खेड्यात अडचणी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उलटंच दिसलं. देशभरात वर्ष-दोन वर्षांच्या मुलांत सगळ्या मूळ लशी मिळालेली मुलं खेड्यांत ७६.८ टक्के, तर शहरांत ७५.५ टक्के. फरक थोडा आहे, पण शहर मागे पडलं हे महत्त्वाचं. आपल्या महाराष्ट्राचा आकडा आधीच्या पाहणीतल्या ५६ वरून ७३ टक्क्यांच्या पुढे गेला, हे चांगलंच. तरी चारातलं एक बाळ राहतंच.

खेड्यात कुणाची सून बाळंत झाली हे अंगणवाडीताईला बारशाआधी माहीत असतं. शहरात शेजारच्या खोलीत कोण आहे ते घरमालकाला माहीत नसतं. केंद्र उघडं असतं त्या वेळेत आई कामावर असते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे अर्ध्या लशी एका गावी, अर्ध्या दुसऱ्या गावी आणि कार्ड तिसरीकडे. वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर सहा-सहा महिने कुणाच्याच हिशेबात नसतात. त्यात भर म्हणजे मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा. आणि माझ्यासारख्या शहाण्या बायकांचं रागावणं!

हाफकिनची गोष्ट वाचल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. लस बाटलीत तयार होते, पण ती बाळापर्यंत जाते ती विश्वासावर. आणि विश्वास दरडावून मिळत नाही. तो मिळवायला स्वतः पुढे व्हावं लागतं, समोरच्याच्या चालीरीती समजून घ्याव्या लागतात, आणि काही चुकलं तर ते लपवून चालत नाही.

आता आम्ही वस्तीत गेलो की आधी ओट्यावर बसतो. घरी कोण कोण, काम कुठे, माहेर कुठलं, हे विचारतो. माझ्या नातवंडाला लस दिली तेव्हा रात्रभर ताप होता, हे मी स्वतः सांगते. ताप येईल हे आधी कळलं की आई घाबरत नाही, पुढच्या वेळी स्वतःहून येते. कार्ड असेल तर तिच्याच मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून देतो, एक तिच्या बहिणीला किंवा आईला पाठवायला सांगतो. जुन्या राहिलेल्या बाईला हाताशी धरून नव्यांच्या घरी जातो. काम हळू होतं, पण खोलीला कुलूप दिसत नाही.

एवढं लक्षात ठेवा

- सरकारी केंद्रावरच्या लशी मोफत आहेत. बाळ कुठल्याही गावात जन्मलेलं असो, राहता त्या शहरात घेता येतात. कार्ड हरवलं तरी जा, नवं मागा.
- डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलं तिथून पुढे घेता येतं. उशीर झाला म्हणून संकोच नको.
- जन्मल्याबरोबर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, नंतर नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत. या वेळा फ्रिजवर, नाहीतर कपाटाच्या दाराला लिहून चिकटवा.
- गोवर-रुबेलाचे डोस दोन. एकावर थांबू नका.
- साधी सर्दी असली तरी लस देता येते. ते नर्सताईंना ठरवू द्या.
- टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. एक-दोन दिवस ताप, टोचलेल्या जागी सूज येऊ शकते. अंगावर पाजत राहा, औषध नर्सताईंनी सांगितलेल्या मापानंच द्या. ताप उतरेना, झटके आले किंवा बाळ रडायचं थांबेना तर लगेच दवाखाना गाठा.
- तुमच्या घरी धुणीभांड्याला येणाऱ्या ताईला, बांधकामावरच्या बाईला बाळाच्या लशीचं विचारा. त्या दिवशी तिला दोन तासांची सुट्टी द्या आणि तेवढ्याचे पैसे कापू नका.

शेवटचा मुद्दा वाचायला सोपा वाटतो, पण करून बघा. आपल्याला वस्तीत जायला जमत नसेल, पण वस्ती रोज सकाळी आपल्या दारात येते, आपली भांडी घासते.

ती पोरगी आता पुन्हा जळगावातच आहे, दुसऱ्या वस्तीत. दुसरं बाळंतपण तिनं इथेच केलं. धाकट्याची सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली. मी तिची माफी मागितली तेव्हा ती नुसती हसली आणि चहा टाकला. आता तिच्या वस्तीत लसीकरणाच्या दिवशी बायांना गोळा करायला तीच पुढे असते. कुणी घाबरली की माझ्याआधी ती बोलते. तिचं ऐकतात. माझ्यापेक्षा जास्त ऐकतात!